डिझेल हे आडनाव होतं!

तुमच्या नात्यात किंवा निदान सोसायटीत एखादी जुनी डिझेल गाडी असेलच. लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली, तरी काका विकायला तयार नसतात अशी. एक दिवस ती घाटात दम सोडते. अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, मागे धूर आणि बॉनेटखालून सायरनसारखी शिट्टी. मेकॅनिक हवेचा जाड पाइप काढतो, आत बोटं घालून एक छोटासा पंखा वर-खाली हलवून बघतो आणि निकाल देतो की टर्बो गेला.

हे काम कधी शेवटपर्यंत उभं राहून बघितलंय का? नसेल तर एकदा बघाच. इंजिन आधी पूर्ण थंड होऊ द्यायचं. मग हवेचे पाइप, उष्णता अडवणारा पत्रा, ऑइल आणणारी बारीक नळी, ऑइल परत नेणारी जाड नळी, सगळं ओळीने सुटतं. सगळ्यात छळतात ते सायलेन्सरच्या बाजूचे नट. वर्षानुवर्षं भाजून गंजलेले. त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून वाट बघत बसावं लागतं, कारण घाई केली तर स्टड तुटतो आणि तासाभराचं काम दिवसभर चालतं.

पण खरं कौशल्य नवा टर्बो बसवण्याच्या आधी दिसतं. चांगला मेकॅनिक आधी शोधतो की जुना गेला कशाने. ऑइल बदललंच नव्हतं? ऑइलच्या नळीत काळा कचरा साचलाय? एअर फिल्टर फाटून धूळ आत गेली? कारण न शोधता नवा टर्बो लावला तर काही दिवसांत तोही जातो आणि काकांचे हजारो रुपये पुन्हा पाण्यात. म्हणून नळी साफ किंवा नवी, वॉशर नवे, ऑइल आणि फिल्टर नवे, इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल काढलेलं. टर्बोच्या भोकात आधीच थोडं ऑइल ओतून पंखा हाताने फिरवलेला. आणि मग इंजिन चालू न करता नुसतं सेल्फवर फिरवायचं, ऑइल वरपर्यंत पोचेतो. कारण हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. पहिले काही सेकंद जरी कोरडा फिरला, तरी खेळ खल्लास.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक माणूस. टर्बो त्याचा नाही, पण तो ज्या इंजिनाला बसतो ते त्याचं. पेट्रोल हे कुणाचं आडनाव नाही. डिझेल मात्र आहे. रुडॉल्फ डिझेल.

जन्म १८ मार्च १८५८, पॅरिसचा. आईवडील मूळचे जर्मन. वडील थिओडोर चामड्याच्या वस्तू बनवायचे आणि छोटा रुडॉल्फ हातगाडीवरून तो माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. वेळ मिळाला की पॅरिसच्या तंत्र-संग्रहालयात जाऊन जुनी यंत्रं बघत बसायचा. म्हणजे आपल्याकडे काही पोरं जेसीबी खोदत असला की हलत नाहीत ना, तसलं प्रकरण.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. घर, धंदा मागे टाकून डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथेही हाल. शेवटी आईवडिलांनी बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याने जर्मनीत आउग्सबुर्गला पाठवलं, काका-काकूंकडे. काका गणिताचे शिक्षक. युद्ध चालू असताना परक्या देशांतून एकट्याने प्रवास करणारा सातवीतला मुलगा डोळ्यांसमोर आणा. काही वर्षांत त्याने घरी कळवून टाकलं की मी इंजिनीअर होणार. मग वर्गात पहिला, स्कॉलरशिप आणि म्युनिकचं पॉलिटेक्निक.

तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे, बर्फ बनवणारी यंत्रं उभी करणारे. त्यांच्या तासाला रुडॉल्फच्या डोक्यात एक गोष्ट घुसली ती कायमची. वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशातली दहा टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा कामी येते, बाकी सगळी वाया. शंभर रुपये खर्च करून दहा रुपयांचा माल घरी आणायचा, असला व्यवहार.

१८७९च्या जुलैत शेवटची परीक्षा होती आणि ऐन वेळी त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेची वाट बघत घरी न बसता तो स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर गावातल्या झुल्झर कारखान्यात काम शिकायला गेला. १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली आणि सर्वोच्च गुण मिळवले. (विंटरथूर हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

नोकरी लिंडे यांच्याकडेच, पुन्हा पॅरिसमध्ये, बर्फाच्या कारखान्यात. १८८३ मध्ये मार्थाशी लग्न, पुढे तीन मुलं. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात स्वतःचं इंजिन. आधी त्याने वाफेऐवजी अमोनियावर चालणारं इंजिन करून बघितलं. त्याचा स्फोट होऊन तो मरता मरता वाचला आणि कित्येक महिने हॉस्पिटलमध्ये पडून राहिला.

मग सुचली ती मूळ कल्पना. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. हवा दाबली की तापते. खूप दाबली की खूप तापते. इतकी तापवली की तिच्यात इंधन फवारताक्षणी आपोआप पेटेल, तर ठिणगी हवीच कशाला? डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो तो यामुळे. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये ते मिळालं आणि त्याच वर्षी त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने छापलाही.

कागदावर सगळं झकास होतं. आउग्सबुर्गचा यंत्र कारखाना आणि बलाढ्य क्रुप कंपनी यांनी पैसे लावले. १० ऑगस्ट १८९३ला पहिली चाचणी झाली. इंजिन बाहेरून पट्ट्याने फिरवलं आणि आत इंधन सोडलं. इंधन पेटलं! पण दाब मोजायचं उपकरणच फुटून त्याचे तुकडे उडाले. कुणाला लागलं नाही हे नशीब. गंमत म्हणजे डिझेल खूश झाला, कारण इंधन आपोआप पेटतं हे तर सिद्ध झालं होतं. १७ फेब्रुवारी १८९४ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चाललं. किती वेळ? एक मिनिट. तेही मिनिटाला ८८ फेऱ्यांच्या गतीने. आज तुमची बाइक सिग्नलला नुसती उभी असताना हजाराच्या पुढे फिरत असते.

त्या एका मिनिटानंतर अजून तीन वर्षं गेली. दुरुस्त्या, नवे भाग, पुन्हा बिघाड. बरोबर १७ फेब्रुवारीलाच, पण १८९७ मध्ये, म्युनिकच्या प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुप्पट-अडीचपट! एकच सिलिंडर, ताकद वीसेक हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या जेमतेम एखाद्या बाइकइतकी. वजन मात्र साडेचार टन.

इथून पैसा सुरू झाला. अमेरिकेतले बिअरसम्राट अॅडॉल्फस बुश यांनी तिकडचे हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये हक्कांसाठी एक स्वतंत्र कंपनीच काढली गेली आणि तिने पस्तीस लाख मार्क मोजले. चाळिशीच्या डिझेलसाहेबांनी म्युनिकच्या श्रीमंत भागात राजवाड्यासारखा बंगला बांधला.

आणि त्याच वर्षी इंजिनांच्या तक्रारी येऊ लागल्या. केम्प्टेन गावातल्या काडेपेटीच्या कारखान्यात पहिलं विक्रीचं इंजिन बसवलं होतं, तेच रडवू लागलं. प्रयोगशाळेत प्राध्यापकांसमोर चालणं वेगळं आणि कारखान्यात रोज आठ-दहा तास चालणं वेगळं. कंपन्यांची नाराजी, पेटंटवरून भांडणं, त्यात सततची डोकेदुखी. १८९८च्या शरद ऋतूत डिझेलचं मन आणि शरीर दोन्ही कोलमडलं. आज आपण याला बर्नआउट म्हणू. त्याला काही महिने आरोग्यधामात ठेवावं लागलं.

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त वाटतं ते इथे. इंजिनात काय चुकतंय हे शोधायला त्याने वर्षानुवर्षं घातली होती. स्वतःच्या पैशांच्या बाबतीत मात्र तो कारण न शोधता नवा टर्बो लावत राहिला. जमिनीच्या व्यवहारात बुडाला, तेलाच्या विहिरींत बुडाला, आणि प्रत्येक खड्डा भरायला पुढचा व्यवहार. बंगला तोच, थाटही तोच. घरच्यांनाही आत काय चाललंय याचा पत्ता नाही. मधेच १९०३ मध्ये कामगारांच्या भल्यासाठी समाजरचना कशी असावी यावर एक पुस्तकही लिहिलं. ते फारसं कुणी घेतलंच नाही. त्याला स्वतःला ते काम इंजिनाइतकंच मोलाचं वाटत होतं.

इंजिनं मात्र पळत होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि तिथे एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघालं. वाटेत लंडनला ते बघायला नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल स्वतः गेले. (आपल्याकडे शेतातलं पाणी उपसणारं इंजिन म्हटलं की आजोबांना किर्लोस्करच आठवतं. ती किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये पुण्यात खडकीला सुरू झाली. त्या शेतापर्यंतचा रस्ताही आउग्सबुर्गहूनच येतो.)

आता विंटरथूर. १८७९ मध्ये रुडॉल्फ त्या गावात काम शिकत होता, तेव्हा तिथे एक तान्हं बाळ होतं. त्याच वर्षी ११ जुलैला जन्मलेलं. त्याचं नाव आल्फ्रेड ब्यूखी. मोठा होऊन तोही इंजिनीअर झाला आणि डिझेल इंजिनाकडे बघताना त्याला नेमकं तेच खटकलं जे डिझेलला वाफेच्या इंजिनात खटकलं होतं. सायलेन्सरमधून जाणारी गरम हवा फुकट जाते. तिच्यावरच एक पंखा फिरवू आणि त्याच दांड्याला दुसरा पंखा लावून इंजिनात जास्त हवा कोंबू! १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतलं. हाच टर्बो. वीसेक वर्षं त्यालाही कुणी फारसं विचारलं नाही. १९२५-२६च्या सुमाराला दोन जर्मन जहाजांवर तो बसवला, तेव्हा १७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०० देऊ लागलं. विक्रीसाठी बनलेल्या कारमध्ये डिझेल आणि टर्बो एकत्र यायला मात्र १९७८ उजाडलं, मर्सिडीजच्या ३०० एसडीमध्ये. नवखा ब्यूखी कॉलेजमधून बाहेर पडल्यावर ज्या कारखान्यात लागला, तो होता बेल्जियमच्या गेंट शहरातला कारेल्स यांचा.

हे कारेल्स डिझेलचेही स्नेही. २९ सप्टेंबर १९१३च्या संध्याकाळी जॉर्ज कारेल्स आणि त्यांच्या एका इंजिनीअरबरोबर डिझेल अँटवर्पला ड्रेस्डेन नावाच्या बोटीत चढला. इंग्लंडमध्ये इंजिनाचा नवा कारखाना होत होता, त्याचं काम आणि लंडनमध्ये बैठक. तिघं एकत्र जेवले, डेकवर गप्पा मारल्या. दहाच्या सुमाराला डिझेल केबिनकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवा, असा निरोप त्याने देऊन ठेवला होता.

सकाळी केबिन रिकामी. अंथरुणाला हात लागलेला नाही, रात्रीचे कपडे घडी घालून ठेवलेले, घड्याळ पलंगावरून दिसेल असं. डेकच्या कठड्याजवळ त्याची हॅट आणि नीट घडी केलेला ओव्हरकोट. डायरीत त्या तारखेपुढे एक लहानसा क्रॉस.

निघण्याआधी त्याने मार्थाला एक बॅग दिली होती आणि पुढच्या आठवड्यापर्यंत उघडू नको म्हणून सांगितलं होतं. तिने ती उघडली तेव्हा आत रोख मार्क होते आणि बँकेची खाती जवळपास रिकामी असल्याचे कागद.

मग अफवांना ऊत आला. तेलवाल्यांनी मारलं, जर्मन हेरांनी मारलं, तो मेलाच नाही. महायुद्ध एका वर्षावर होतं आणि पाणबुड्यांना डिझेल इंजिनं हवी होती, त्यामुळे लोकांना हे पटायचंही. आजही या विषयावर पुस्तकं निघतात, व्हिडिओ तर विचारूच नका. पुरावा यातल्या कशालाच नाही. रिकामी खाती आणि डायरीतली खूण मात्र कुणी रचलेली नाही.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला उत्तर समुद्रात एक मृतदेह दिसला. ओळखण्यापलीकडे गेलेला. खलाशांनी त्याच्या खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्राच्या हवाली केला. १३ ऑक्टोबरला धाकटा मुलगा ऑयगेन हॉलंडमधल्या व्लिसिंगेन बंदरावर गेला. त्याच्यासमोर गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू आणि चष्म्याचं घर ठेवण्यात आलं. हे वडिलांचंच आहे, असं त्याने सांगितलं. पुढे १९३७ मध्ये वडिलांचं मोठं चरित्र लिहिलं ते याच ऑयगेनने.