खिंडसीला जाताय? मग प्रभावतीलाही भेटा!

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबा, मामा-मावशी, सगळी भावंडं मिळून रामटेकच्या खिंडसी तलावात बोटिंग तुम्ही केलंच असेल. पुढच्या वेळी जवळच्या नगरधनलाही चक्कर मारा. १६०० वर्षांपूर्वी हे वाकाटकांचं नंदिवर्धन होतं आणि इथून राज्य चालवायची प्रभावतीगुप्ता.

वडील सम्राट दुसरा चंद्रगुप्त, आई नागकुळातली कुबेरनागा. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान. युवराज दिवाकरसेनाच्या वतीने तिने किमान १३ वर्षं कारभार सांभाळला. तो मात्र गादीवर बसलाच नाही. पुढे दुसरा मुलगा प्रवरसेन राजा झाला.

तिचे ताम्रपट बघा: वंशावळ माहेरची, गोत्रही वडिलांचंच, धारण! नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडलीय.

रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंह मंदिर आहे. तिच्या लेकीने ते आईच्या आठवणीत बांधलं, असं तिथल्या शिलालेखावरून अभ्यासक मानतात. त्याच लेखात सुदर्शन नावाच्या तलावाचाही उल्लेख आहे. म्हणजे रामटेकात तलाव आणि घरच्यांच्या आठवणी यांचं नातं आपल्या बोटिंगपेक्षा कितीतरी जुनं आहे!