लुसी विल्स

लुसी विल्स (१० मे, १८८८ - १६ एप्रिल, १९६४) या इंग्लिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांना होणाऱ्या रक्तक्षयावर त्यांनी संशोधन केले. या संशोधनामुळे फोलिक आम्ल या जीवनसत्त्वाच्या शोधाचा पाया घातला गेला.

जीवन व शिक्षण

विल्स यांचा जन्म बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ साली अंतिम परीक्षा दिली. तथापि, केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. १९१५ साली त्यांनी लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९२० साली त्या डॉक्टर झाल्या.

मुंबईतील संशोधन

मातामृत्यूंच्या चौकशीसाठी १९२८ मध्ये विल्स मुंबईच्या हाफकिन संस्थेत आल्या. तेथील गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होई व त्यात अनेकींचा मृत्यू होत असे. लोहाच्या अभावी रक्तातील तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. त्यांच्या आहारात फळे, भाज्या व प्रथिने अत्यल्प असल्याचे विल्स यांना आढळले.

पुढे त्यांनी उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले. तशाच निकृष्ट आहारामुळे रक्तक्षय झालेली माकडे मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने बरी झाली. हाच उपाय रुग्ण स्त्रियांनाही लागू पडला. हे निष्कर्ष १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले.

यकृताचा कच्चा अर्कही या विकारावर गुणकारी ठरला. मात्र घातक रक्तक्षयावर उपयोगी पडणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क येथे निष्फळ ठरला. त्यामुळे शुद्धीकरणात नाहीसा होणारा एखादा वेगळा घटक यकृतात व यीस्टमध्ये असला पाहिजे, असे दिसून आले. हा घटक 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे केलेले फोलिक आम्ल म्हणजेच हा घटक होय. यकृतातील दुसरा घटक, म्हणजे ब१२ जीवनसत्त्व, १९४८ साली वेगळा करण्यात आला.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्स यांनी लंडनमध्ये गरोदर स्त्रियांना लोह दिल्याने होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला. १९४७ साली निवृत्त झाल्यावर त्या चेल्सी येथे मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. त्या अविवाहित होत्या.

महत्त्व

गरोदर स्त्रियांना आज लोहासोबत फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. फोलिक आम्लामुळे गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोषांचे प्रमाणही कमी होते.