दास एपिक्टेटस

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटल्या अध्यायांत पौलानें हेरापली नगराचें नांव घेतलें आहे. त्याच नगरांत इ. स. ५० च्या सुमारास एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ जन्मास आला. तो लहानपणापासून दास होता. त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘मिळविलेला’ असा आहे. त्याचा धनी एपफ्रदीत हा रोम शहरीं नीरो बादशहाच्या पदरीं चिटणीस होता. (फिलिप्पैकरांस पत्रांतील एपफ्रदीत तो निराळा.)

एपिक्टेटस पायानें लंगडा होता. तथापि दास असतांच त्यास स्तोयिक पंथाच्या मुसोनियस रूफस या गुरूजवळ शिकावयास मिळालें, आणि मुक्त झाल्यावर तो स्वतः शिकवूं लागला. पुढें इ. स. ९३ च्या सुमारास दोमिशियन बादशहानें तत्त्वज्ञांस घालवून दिलें, तेव्हां तो ग्रीस देशाच्या पश्चिमेस निकपलिस नगरीं जाऊन राहिला. तीताच्या पत्रांत पौलानें जेथें हिंवाळा काढण्याचा बेत कळविला, तें हेंच नगर असें बहुतेक विद्वान मानितात. तेथें त्यानें मरेपर्यंत शाळा चालविली. त्याची राहणी अगदीं साधी होती. एका मित्राचें मूल दारिद्र्यामुळें टाकून दिलें जाणार होतें, तें त्यानें म्हातारपणीं आपल्या घरीं आणून वाढविलें.

त्याच्या शिकवणीचें मर्म असें: शरीर, धन, मान, हुद्दा हीं आपल्या हातचीं नाहींत, राजा किंवा रोग तीं हिरावून नेईल. परंतु बऱ्यावाइटाची निवड करणारें मन आपलें आहे. त्यास कोणताहि धनी बेडी घालूं शकत नाहीं. वासनेच्या ताब्यांत असलेला मनुष्य सिंहासनावरहि दासच होय. दासहि देवाचें लेंकरूं व आपला भाऊ आहे, असें तो शिष्यांस शिकवी.

त्यानें स्वतः कांहीं लिहिलें नाहीं. आरियन नामक शिष्यानें त्याचीं भाषणें टिपून ठेविलीं. इ. स. १६१ पासून १८० पर्यंत राज्य करणारा रोमचा बादशहा मार्क ऑरेलियस तीं वाचून शहाणपण शिकला. ख्रिस्ती मठवाशांनीं त्याचें लहान पुस्तक थोडे फेरफार करून, सॉक्रेटिसाच्या जागीं पौलाचें नांव घालून, आपल्या उपयोगास घेतलें. १९६५ सालीं व्हिएतनामांत पकडलेला स्टॉकडेल हा अमेरिकन वैमानिक सात वर्षांहून अधिक काळ कैदेंत असतां याच शिकवणीच्या आधारें टिकला.

तथापि या शिकवणींत एक उणें आहे. फ्रान्स देशाचा ख्रिस्ती विद्वान पास्कल यानें तें दाखविलें: एपिक्टेटसास मनुष्याचें कर्तव्य कळलें, पण मनुष्याची दुर्बलता कळली नाहीं. तो प्रत्येकास स्वतःच्याच बळावर उभें राहावयास सांगतो.

हेरापलीच्या शेजारच्या कलस्सै गांवचा अनेसिम हाहि दासच होता. त्यास भाऊ म्हणून घरांत घ्यावें, इतकेंच पौलानें फिलेमोनास लिहिलें नाहीं. त्याचें देणें असल्यास आपण भरूं, असेंहि लिहिलें. आपलें देणें ख्रिस्तानें भरलें आहे. म्हणून गांवांत कोणी आपणांस हलकें लेखिलें तर मन खालीं घालूं नये. आणि प्रभुभोजनास शेजारीं बसलेल्या भावाची पूर्वीची जात आपणहि मनांत आणूं नये.