प्रा. दि. ब. देवधर

बंगळुरातील आमच्या मराठी घरांतली मुले बॅडमिंटनच्या शिकवणीस निघालेली पाहिली, की आम्हांस प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचे स्मरण होते.

१४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात जन्मलेले देवधर संस्कृतचे प्राध्यापक होते. १९२६ साली त्यांनी गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. परंतु १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा चाळिशीतील देवधर संघात नव्हते. कसोटीचा मान त्यांना पुढेही लाभला नाही. तरीही त्यांनी मैदान सोडले नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. तरुण विजय हजारे याच संघात बहरले. १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, देवधरांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली.

मुलींनी मैदानावर उतरणे समाजास फारसे रुचत नसे, त्या काळात त्यांच्या सुंदर, तारा व सुमन या कन्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

स्वतःस न लाभलेल्या मानाची खंत मुलांच्या माथी न मारता त्यांच्या हाती केवळ खेळाची गोडी द्यावी, हा धडा परप्रांती मुले वाढविणाऱ्या आम्हां पालकांस या चरित्रातून मिळतो.