हाफकिन यांची मोजदाद

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या मांडवी भागात प्लेग शिरला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. १८६० साली ओडेसात ज्यू कुटुंबात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले हे शास्त्रज्ञ १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पोचला. जवळपास निम्मे कैदी लस घ्यायला तयार झाले. (तुरुंगातली राजीखुशी कितपत मोकळी असते, हा प्रश्न आहेच!) त्यानंतर लस न घेतलेल्यांत १२ जणांना लागण होऊन ६ दगावले, घेतलेल्यांत लागण दोघांना, मृत्यू एकही नाही. कैदी मधेच सुटून जात, म्हणून हाफकिन यांनी दोन्ही गटांत रोज हजर असलेल्यांची सरासरी धरली.

तरी शंका उरतेच. आपणहून पुढे येणारे मुळातच धडधाकट असले तर? बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली. घर तेच, चूल तीच, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, तिथे लस घेतलेल्या ७१ पैकी ३ गेले. न घेतलेल्या ६४ पैकी २६. हे २६ आकडे नव्हेत, कुणाचे आईबाप, कुणाची लेकरे होती. लशीचा गुण तेव्हा पुरता सिद्ध झाला नव्हता, हे खरे. पण हा कागद वाचताना हात थबकतो.

मधेच निघून गेलेल्यांना हिशेबात कसे धरायचे, याची पक्की रीत कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ साली दिली. दोन गटांच्या जगण्याची तुलना करण्याची कसोटी मँटेल यांनी १९६६ मध्ये मांडली. आज नवेगाव बांधच्या तलावाकाठी वाढणाऱ्या बाळापर्यंत लस पोचते, ती अशा तुलनांतून पार पडूनच.

हाफकिन यांच्या वाट्याला मात्र बदनामी आली. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्या १०७ पैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. वास्तविक ते सगळे १९ एकाच बाटलीतले होते. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नव्हते. ही साधी तुलना सरकारच्या गळी उतरायला १९०७ उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. तोवर ते युरोपात परतले होते. १९३० साली लोझान येथे ते वारले.