वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, २६ ऑक्टोबर १९३०) हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पटकी (कॉलरा) आणि प्लेग या रोगांवरील लसी त्यांनी तयार केल्या. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. शरीरातील काही पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात, हा मेचनिकोव्ह यांचा शोध प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा एक पाया ठरला. ज्यू असल्यामुळे हाफकिन यांना मायदेशी अध्यापकाचे पद मिळू शकले नाही. १८८८ मध्ये ते जिनीव्हा येथे गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसमधील पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे आरंभी त्यांना ग्रंथालयातील साधी नोकरी पत्करावी लागली.

पटकीची लस

१८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. लस घेणे ऐच्छिक असावे, असा त्यांचा आग्रह होता. एकाच वस्तीतील लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांची तुलना करून ते परिणाम तपासत.

मुंबईतील कार्य

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत त्यांनी काम सुरू केले. प्लेगचे जंतू ते मांसरसात वाढवत. त्या रसावर तुपाचे थेंब सोडले की जंतूंची वाढ त्यांना लोंबकळत खाली उतरे. हे जंतू उष्णतेने मारून, त्यांत कार्बॉलिक आम्ल मिसळून लस तयार होई. मेलेले जंतू रोग निर्माण करू शकत नाहीत, मात्र शरीर त्यांना ओळखून प्रतिपिंडे तयार करते, हे या लसीमागील तत्त्व होते.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. प्लेग सातारा जिल्ह्यासह मुंबई इलाख्यात पसरत असताना सक्तीच्या घरझडत्या आणि विलगीकरण यांमुळे सरकारी उपायांविषयी लोकांत मोठा रोष होता. अशा काळात आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांपुढे उदाहरण ठेवले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलवण्यात आली.

मुलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. त्याच बाटलीतून प्रयोगशाळेत धनुर्वाताचे जंतू गेले असते, तर बाटली उघडतानाच दुर्गंधी जाणवली असती, असाही युक्तिवाद झाला. रोनाल्ड रॉस यांच्यासह नामांकित शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू मांडली. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले आणि कलकत्त्यास पुन्हा रुजू झाले. परंतु मुंबईतील प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

पशुवैद्यकाशी संबंध

हाफकिन यांचे कार्य मानवी रोगांवरचे असले, तरी त्यामागील तत्त्व गोठ्यापर्यंत पोहोचलेले आहे. प्लेगच्या जंतूचा समावेश दीर्घकाळ पाश्चुरेला या प्रजातीत केला जात असे. याच प्रजातीतील पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू गाई-म्हशींत घटसर्प निर्माण करतो आणि वासरांच्या न्यूमोनियातही आढळतो. घटसर्पावर मृत जंतूंची लस वापरली जाते. कृष्णाकाठच्या वाईसह महाराष्ट्रातील पशुपालक ती पावसाळ्यापूर्वी जनावरांना टोचून घेतात.

फुफ्फुसांतील संसर्गापुढे मात्र टोचलेल्या लसीला मर्यादा पडतात. हाफकिन यांची लस गाठीच्या प्लेगविरुद्ध उपयोगी ठरली, तरी फुफ्फुसाच्या प्लेगविरुद्ध तिचा प्रभाव अल्प होता. वासरांच्या रेंगाळणाऱ्या न्यूमोनियातही केवळ लस पुरेशी नसते. फुफ्फुसांतील जंतुभक्षक पेशी हा वासराचा पहिला पहारा असतो. कोंदट गोठा, ओल, गर्दी व प्रवासाचा ताण यांमुळे तो ढिला पडतो आणि नाकाघशात एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू फुफ्फुसांत उतरतात. नवजात वासरास प्रतिपिंडे प्रामुख्याने गाईच्या चिकातून मिळत असल्यामुळे जन्मानंतर पहिल्या काही तासांत चीक पाजणे अत्यावश्यक असते.

अखेरचे दिवस व स्मृती

निवृत्तीनंतर हाफकिन युरोपात राहिले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या कार्यासाठी दिली. १९२५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.