रिचर्ड ॲलन
रिचर्ड जेम्स ॲलन (जन्म : ४ जून १९०२, नागपूर) हे भारतीय हॉकी संघाचे गोलरक्षक होते. मसुरीच्या ओक ग्रोव्ह शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९२८, १९३२ व १९३६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ॲमस्टरडॅम येथे १९२८ साली भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. ॲलन यांनी एकही होऊ दिला नाही. ध्यानचंद यांच्या गोलांपुढे ही कामगिरी काहीशी झाकोळली. तिन्ही स्पर्धांत मिळून ॲलन यांच्यावर दोनच गोल झाले. पहिला १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकेने केला. त्या वेळी ॲलन मैदानाबाहेर स्वाक्षऱ्या देत होते, अशी आख्यायिका आहे. भारताने तो सामना २४-१ असा जिंकला. दुसरा जर्मनीने १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात केला. त्यातही भारत ८-१ असा विजयी झाला.